बिनीवाल्यांची शिकवणी

जीवाजीगंजात, माझ्या शिकवणीत, मंगळवारी
अंशुल भदौरियाने वहीत लिहिलं:
व्हॅनगार्ड म्हणजे गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून
हिरवी झेंडी दाखवणारा माणूस.

लाल पेनचं टोपण मी काढलेलंच होतं.
'कुणी सांगितलं रे?'
'किसीने नहीं, मॅडम. व्हॅन. और गार्ड.
जोडके लिखा है.'

मुलं हसली. मीही, थोडी उशिरा.

कोशात नेमकं उलटं आहे.
सैन्याच्या अगदी पुढची तुकडी.
मग कुठल्याही कामात, चळवळीत, चित्रकलेतसुद्धा
सगळ्यांच्या आधी जो जातो तो.
शब्द फ्रेंचांकडून आला,
आणि येता येता त्याचा पहिलाच स्वर गळाला.
पुढे चालणाऱ्याचं असं होतं कधी कधी,
मी म्हटलं. कुणी लिहून घेतलं नाही.

आणि तुम्हाला कोंबून शाळेत नेते ती व्हॅन निराळी,
ती कारवाँच्या शेपटातून निघालेली.
स्पेलिंग एक, घराणी दोन.

मराठीत ह्याला म्हणतात, मी फळ्याकडे वळले,
बिनी.
आणि खडू तसाच धरून उभी राहिले,
कारण खाली दारावरच्या पाटीवर तेच आहे.
'म्हणजे मॅडम, आपका सरनेम व्हॅनगार्ड?'

हो बाबा. तसंच.
कुणी तरी, केव्हा तरी, चंबळेच्या उतारावर
फौजेच्या पुढे घोडं घातलं असेल.
घोडं गेलं, फौज गेली,
छावणीचं शहर झालं, त्याला अजून लश्कर म्हणतात,
आणि आम्हाला अजून बिनीवाले.
फारसीत बिनी म्हणजे नाक,
काका सांगायचे, आरशासमोर मिशी कातरताना.
नाक सगळ्यांच्या आधी पोचतं.

तर ह्या नाकाच्या घराण्यात
माझे वडील, दिगंबर बिनीवाले,
छोट्या लाईनवर गार्ड होते.
एकतीस वर्षं शेवटच्या डब्यात.
घोसीपुरा, सुमावली, जौरा, सबलगड.
टपावर बसलेल्यांची धूळ, दारात लटकलेल्यांची धूळ,
सगळ्यांची वापरून झालेली धूळ त्यांच्या वाट्याला.
स्वतःच्या गाडीचं इंजिन त्यांना
फक्त वळणावर दिसायचं.

'बिनीवाले म्हणे,' आई कढईत उलथनं आपटायची,
'आणि पंगतीला बसतात सगळ्यांच्या नंतर.'
बाड्यावर फिरायला गेलो तरी ते चार पावलं मागे.
मला वाटायचं, दमतात.
एकदा मी वळून पाहिलं तर ओठ हलत होते:
एक, दोन, तीन.
आम्ही तिघंच तर होतो.

शेवटच्या डब्याला एक पाटी असते, मुलांनो,
मी हे सांगणार नव्हते, अभ्यासक्रमात नाही.
तिच्यावर दोन अक्षरं. एल. व्ही.
लास्ट व्हेइकल.
इंजिन येऊन, वाफा टाकून, पाणी पिऊन मोकळं झालं
तरी स्टेशनमास्तर ती पाटी बघेपर्यंत
गाडी आली असं मानत नाही.
डबे मधेच सुटले असतील, कुणाला माहीत?

निवृत्तीला त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं.
त्यांनी पाटी मागितली होती.
नियमात बसलं नाही.

अंशुलच्या उत्तरावर मी फुली मारली.
मारावी लागते, मार्चमध्ये पेपर दुसरेच कुणी तपासतात.
शेजारी नीट लिहिलं:
आघाडीची तुकडी. वाक्यात उपयोग कर.
तिथे थोडी शाई सांडली होती,
ती टिपायला मला जरा वेळ लागला.

सव्वाआठला शिकवणी सुटली.
जिना अरुंद, दिवा चाळीसचा,
पहिला उतरायचा म्हणून अंशुल दोघींच्या दप्तरांमधून घुसला,
खालून ओरडला, 'मैं व्हॅनगार्ड!'
मी वरच्या पायरीवर.
चपला सापडेनात म्हणून रेंगाळलेली धाकटी कुशवाह
रस्त्याला लागेपर्यंत ओठ हलवत राहिले.

सात.
मग दिवा बंद केला.